पक्की वही

आमच्या शाळेत विज्ञानाच्या दोन वह्या असतात. एक कच्ची, एक पक्की. कच्चीत मुलं प्रयोग करता करता लिहितात. तिच्यावर शाई सांडते, तिचे कोपरे दुमडतात, मागच्या पानावर फुली-गोळ्याचा डाव रंगतो. पक्की मात्र घरी बसून, पट्टीनं समास आखून, मोत्यासारख्या अक्षरात उतरवायची. गुण मिळतात ते पक्कीला. कच्ची वर्ष संपलं की रद्दीत जाते. मी स्वतः अशीच शिकले आणि एकोणीस वर्षं असंच शिकवत आले. एखाद्यानं खाडाखोड केलेलं पान पुढं केलं की मी ते त्याच्यादेखत फाडायची. आणि त्याच पोराची आई मला भेटून म्हणायची, "बाई, तुमच्यामुळे वळण लागलं हो त्याला."

तर त्या वळणाबद्दल सांगते.

त्या वर्षी सुट्टीत आम्हा विज्ञान शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. ज्यांनी असं प्रशिक्षण घेतलंय त्यांना वेगळं सांगायला नको. लांबलचक सभागृह, दीडशे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकाला एक फाइल आणि फाइलीत एक पेन, जे दुपारच्या जेवणापर्यंत चालतं. शेवटच्या दिवशी भरायचा अभिप्रायाचा कागदही त्यातच असतो. तो पहिल्या दिवशी चहाच्या वेळीच सगळे भरून टाकतात. 'प्रशिक्षण अत्यंत उपयुक्त वाटले.'

माझ्या शेजारी आमच्या शाळेचे गणिताचे सर. विज्ञानाला माणूस कमी पडला म्हणून मुख्याध्यापिकेनं, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, त्यांनाही पिटाळलं होतं. बसल्या बसल्या ते म्हणाले, "बाई, मला झोप लागली तर कोपर मारू नका. घोरायला लागलो तरच मारा."

"मला कुठला वेळ?" मी म्हटलं. मांडीवर आठवीचे एकशे अठ्ठावीस पेपर होते, तपासायचे राहिलेले. आम्ही मुद्दाम शेवटची रांग धरली होती.

प्रशिक्षण देणारे एक उंच, वाकलेले गृहस्थ होते. त्यांना सगळे घड्याळवाले सर म्हणत, कारण ते टेबलावर गजराचं घड्याळ ठेवून बोलत आणि गजर झाला की वाक्य अर्धं टाकून थांबत. पण माणूस तळमळीचा. बोलायला लागले की आवाज चढायचा, उतरायचा, मध्येच अगदी कुजबुजीवर यायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, हे माझ्याशीच बोलतायत.

"विज्ञानाची वही म्हणजे साक्षीदार," ते म्हणाले. "साक्षीदाराला अंघोळ घालून, पावडर लावून, पाठ केलेली जबानी देऊन उभं करता का हो तुम्ही? मग मुलांच्या वह्या का धुऊन काढता? मूल चुकलं तर त्याला एक रेघ मारू द्या. एकच! शेजारी सही आणि तारीख. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. उद्या कदाचित तोच खरा निघेल. खोडा, पण पुसू नका! म्हणा बघू."

"खोडा, पण पुसू नका," सभागृह म्हणालं.

"अहो, दीडशे माणसं ना तुम्ही? मोठ्यानं!"

तीनदा म्हणायला लावलं. मीही तिन्ही वेळा म्हटलं, अगदी खणखणीत, पेपरावरून मान वर न करता. तिसऱ्या वेळी माझं लाल पेन एका पोराच्या खोडलेल्या उत्तराभोवती गोल काढत होतं, आणि शेजारी मी लिहीत होते, 'गिचमिड. एक गुण वजा.'

हे मला तेव्हा दिसलं नाही. आता रोज दिसतं.

शाळा सुरू झाली. दुसऱ्या सत्रात मुलांच्या विज्ञान स्पर्धेचं पत्रक आलं. प्रत्येक शाळेतून एक विद्यार्थी, स्वतः केलेला एक प्रयोग. पहिल्या तिघांना उन्हाळ्यात महिनाभर एका मोठ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत राहून काम करायला मिळणार होतं. मी नववीतल्या चिमटीचं नाव दिलं.

चिमटी हे तिचं खरं नाव नव्हे. तिच्या आईचं कपडे धुऊन-इस्त्री करून देण्याचं दुकान होतं. पुढच्या खोलीत इस्त्री आणि खळ शिजवायचं मोठं भांडं, मागच्या खोलीत टाक्या, आणि दोन्ही खोल्यांतून डोक्यावरून गेलेल्या दोऱ्या. वडील नव्हते. ही शाळेत येण्याआधी कपडे वाळत घालायची आणि घाईत एखादा चिमटा बाहीला तसाच राहायचा. कधी वेणीलाही. पोरं चिडवायची, ती हसायची. तिचं अक्षर मात्र असं, की फलकावर सुविचार लिहायला तिला दहावीच्या वर्गातूनही बोलावणं यायचं.

"आमची आई म्हणते इस्त्रीच्या खोलीत कपडे लवकर वाळतात," ती मला म्हणाली. "गरम असते ना खोली. मला वाटतं तसं नाही. मोजून बघू का, बाई?"

"कशानं मोजशील?"

"वजनानं. नॅपकिन ओला करून टांगायचा, दर दहा मिनिटांनी काढून तराजूवर ठेवायचा. पाणी जाईल तसं वजन कमी होईल."

मी शाळेचा छोटा तराजू तिला सही घेऊन दिला. त्यावरून बोलणं निघालं म्हणून सांगितलं, की त्या संस्थेत एक तराजू काचेच्या पेटीत ठेवलेला असतो. जवळ उभं राहून श्वास सोडला तरी त्याचा आकडा हलतो, म्हणून काच.

तिचे डोळे हे एवढे मोठे झाले. "मग त्याच्यावर श्वासाचं वजन करता येईल, बाई?"

"आधी नंबर काढ, मग श्वास सोड," मी म्हटलं. ती हसली, पण त्या दिवसापासून तिचं एकच. जिन्यात भेटली की, "बाई, त्या तराजूची काच कोण उघडतं?" मधल्या सुट्टीत, "बाई, घाम आलेल्या माणसाला तिथे जाऊ देतात का?" गणिताचे सर म्हणाले, "ही पोरगी तराजूशी लग्न करणार बघा."

वीस दिवस तिनं मोजलं. इस्त्रीच्या खोलीत एक नॅपकिन, मागच्या अंगणात एक, गच्चीवर एक. शाळा सुटल्यावर तासभर. शाळेतून घर, घरातून गच्ची, गच्चीवरून अंगण, हातात तराजू. आणि एका रविवारी दुपारी ती कच्ची वही घेऊन माझ्या घरी आली.

आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिला बसवलं. सासूबाई शेजारच्या दिवाणावर पडल्या होत्या. डोळे मिटलेले, ओठांवर देवाचं नाव, आणि कान मात्र उघडे. त्यांनी मला आधी पोरीला दूध-बिस्किटं द्यायला लावली, मग काय ते काम.

वही बघून माझ्या कपाळाला आठी पडली. पानं भिजून वाळलेली, पापडासारखी वाजणारी. एका पानावर इस्त्रीचा पिवळा डाग. तीन रंगांची शाई, मध्येच पेन्सिल. खोडलेलं, वर लिहिलेलं, बाण काढून समासात ढकललेलं. मी लाल पेन घेतलं. सवयच ती.

सहाव्या दिवशीच्या पानावर थांबले. इस्त्रीची खोली. २१२, १९९, १८७, १७६, आणि मग १८१.

"हे काय गं? एकशे शहात्तरनंतर एकशे एक्क्याऐंशी?"

"वाढलं होतं, बाई. मलाही आधी चुकलं वाटलं. तीनदा ठेवून बघितलं."

"ओला नॅपकिन वाळता वाळता जड होतो? असं परीक्षकांसमोर म्हणालीस तर ते तिथेच हसतील. तराजू कलंडला असेल."

"नाही, बाई, मी मागच्या बाजूनं सगळं..."

"मागचं-पुढचं राहू दे. आधी हे निस्तर." मी १८१ वर फुली मारली आणि वर लाल शाईत लिहिलं, १६६. शेजारी लिहिलं, 'आलेख खाली जायला हवा.' पुढे आणखी तीन ठिकाणी तसेच चढलेले आकडे होते. तेही उतरवले, इस्त्री फिरवावी तसे. "आता हे सगळं पक्क्या वहीत उतरव. खोडलेलं काही घ्यायचं नाही. एकच पेन वापर, निळं."

तेव्हा 'खोडा, पण पुसू नका' आठवलं नाही का, असं कोणी विचारील. आठवलं. नाही म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. पण ते प्रशिक्षणातलं. प्रशिक्षणातलं प्रशिक्षणात आणि शाळेतलं शाळेत, असे दोन कप्पे आम्ही मास्तर लोक डोक्यात घेऊनच हिंडतो.

चिमटीनं ती लाल फुली बोटानं चाचपली. मग म्हणाली, "पण, बाई, ते झालं होतं."

"झालं होतं ते तुला आणि मला माहीत आहे ना? बास. परीक्षकांना नीट दिसलं पाहिजे."

दिवाणावरून सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "काय गं, सूनबाई, पोरीचं चुकलेलं सगळं काढून टाकायला सांगतेस?"

"नीटनेटकं करतोय, आई."

"असेल बाई. मला काय कळतंय तुमच्या शाळेतलं?" त्या कुशीवर वळल्या. "पण देवाकडे सगळ्यांच्या कच्च्याच वह्या असतात म्हणे. तो काही पक्की मागत नाही."

मी हसले. चिमटी हसली नाही. तिनं मान खाली घातली आणि लिहायला लागली. तीन तास लिहीत होती. काय देखणं लिहिलं! एक काना वाकडा नाही. निघताना मी कच्ची वही माझ्याकडेच ठेवून घेतली, चुकून स्पर्धेत घेऊन यायची म्हणून. ती घाईघाईनं पर्समध्ये कोंबली आणि विसरले.

स्पर्धा दुसऱ्या एका शाळेच्या सभागृहात होती. टेबलांच्या रांगा, पुठ्ठ्याचे ज्वालामुखी, फिरणाऱ्या पवनचक्क्या, जिथे तिथे पालक मुलांचे केस विंचरतायत. चिमटीनं तीन छोट्या दोऱ्या बांधून तीन नॅपकिन टांगले होते. बाहीला चिमटा होताच. "आजच्या दिवस तरी काढ गं," म्हणून मी तो काढून तिच्या हातात दिला. टेबलाच्या मधोमध पक्की वही उघडून ठेवली, सगळ्यांना अक्षर दिसेल अशी.

परीक्षक म्हणून कोण यावं? घड्याळवाले सर. मला आनंदच झाला. ओळखीचा माणूस.

त्यांनी प्रयोग ऐकला. मान डोलावली. "प्रश्न छान आहे," म्हणाले. "स्वतःच्या घरातला आहे. असा प्रश्न आज इथे दुसऱ्या कोणाकडे नाही." मग वही हातात घेतली. एक पान, दुसरं पान, पाचवं, दहावं. पानं उलटायचा वेग कमी होत गेला.

"वीस दिवस. तीन जागा, रोज सहा नोंदी. किती झाल्या?"

"तीनशे साठ, सर."

"तीनशे साठात एकदाही हात चुकला नाही तुझा?"

चिमटी हातातला चिमटा उघडमीट करू लागली.

"वीस दिवस एकच पेन. अक्षर पहिल्या दिवशीचं तेच विसाव्या दिवशीचं. ही वही ओल्या खोलीत होती ना, बाळ? मग पानं इतकी कोरडी कशी?" आवाज चढला नव्हता. उलट कुजबुजीवर आला होता. "कच्च्या नोंदी कुठे आहेत?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तीन पावलांवर उभी होते. खांद्याला पर्स होती. मी पर्सचा पट्टा घट्ट धरला. तेवढंच केलं मी. तिनं ते पाहिलं.

"नाहीत, सर," ती म्हणाली.

"हे असं उतरवायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून."

सरांनी वही मिटली, हळूच, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तशी, आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मी बाहेर व्हरांड्यात आले. भिंतीवर सूचना लावली होती : हरकत असल्यास मार्गदर्शक शिक्षकांनी निकालापूर्वी लेखी द्यावी. निकालाला चाळीस मिनिटं होती. मी पर्समधून कच्ची वही काढली. मनाशी ठरवलं, की ही नेऊन त्यांच्यासमोर ठेवायची. ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं. सहावा दिवस उघडला. १८१ वर माझी लाल फुली. वर १६६, माझ्या हाताचा. 'आलेख खाली जायला हवा', माझ्या हाताचं. ती लाल शाई दुरूनही ओळखू येत होती.

मग तिचं ते वाक्य आठवलं, मागच्या बाजूनं. वही उलटी करून मागून उघडली.

मागच्या बाजूनं पाच पानं भरलेली होती. वर लिहिलं होतं, 'वजन का वाढलं?' खाली पेन्सिलीनं : 'आईला विचारलं, तेव्हा तू काय करत होतीस. आई म्हणाली, खळीच्या भांड्याचं झाकण काढलं होतं. आठव्या दिवशी मुद्दाम काढायला सांगितलं. चार ग्रॅम वाढलं. अकराव्या दिवशी पुन्हा. पाच. चौदाव्या दिवशी पुन्हा. पाच. झाकण ठेवलं की वाढत नाही. म्हणजे नॅपकिन खोलीतली वाफ पितो. आई म्हणते खोली गरम आहे म्हणून लवकर वाळतं. पण खोली गरम आहे ती वाफेनं. जिथे खळ शिजते तिथे कपडे वाळत नाहीत, पाणी पितात.'

आणि सगळ्यात खाली, चौकटीत : 'बाईंना दाखवायचं.'

मी शिकवलेल्या एकोणीस वर्षांत कोणत्याही पोरानं इतकं शुद्ध विज्ञान केलं नव्हतं. मी केलं नव्हतं. तो नंबर तिथे माझ्या हातात होता. फक्त वही नेऊन ठेवायची होती, आणि सोबत कागदावर दोन ओळी : आकडे मी बदलले, मुलीचा दोष नाही. लिहायला पर्समधून पेन काढलं. लालच निघालं.

तेवढ्यात घड्याळवाले सर बाहेर आले. मी वही पदराआड घेतली. शाळेतली पोरं कॉपी लपवतात ना, अगदी तशी.

"बाई, तुम्ही आमच्या प्रशिक्षणाला होतात ना? शेवटच्या रांगेत?"

"हो, सर."

"मग तुम्हाला मी काय सांगू? प्रकल्प चांगला होता हो. म्हणूनच जास्त लागलं मनाला. मुलीनं घरी बसून आकडे बसवलेले दिसतायत. कोवळं वय, बक्षिसाचा मोह." ते थांबले. "तुमच्या मोठ्या बाईंनी तुमचं नाव पाठवलंय माझ्याकडे. पुढच्या वर्षीपासून प्रशिक्षण द्यायला अनुभवी शिक्षक हवेत आम्हाला. त्याच्यावर याचा काही परिणाम होणार नाही, काळजी करू नका. हे तुमच्या लक्षात आलं नसणार."

विचारलं असतं, तर कदाचित मी खरं सांगितलं असतं. पण त्यांनी विचारलं नाही. त्यांनी माझं उत्तर आधीच माझ्या तोंडाशी आणून ठेवलं होतं, आणि मला फक्त ते गिळायचं होतं.

"नाही हो, सर," मी म्हटलं. "मला कल्पनाच नव्हती."

ते बाजूला झाले आणि त्यांच्या मागे चिमटी दिसली. हातात पाण्यानं भरलेली माझी बाटली. मी घाईनं बाहेर गेले, मला बरं वाटत नसेल, असं तिला वाटलं असणार. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या तोंडावरून कळलं असं नाही. तोंड कोरडं होतं, पक्क्या वहीसारखं.

"घ्या, बाई," ती म्हणाली, आणि बाटली माझ्या हातात दिली.

आमच्या शाळेच्या शेऱ्याच्या कागदावर एकच ओळ आली : नोंदी विश्वासार्ह वाटत नाहीत. पहिला नंबर एका पवनचक्कीला मिळाला.

घरी सासूबाईंनी विचारलं, "त्या पोरीचं काय झालं गं?"

"नंबर नाही आला."

"अगं बाई. दूध प्यायला येऊ दे तिला तरी." आणि त्यांच्या ओठांवर पुन्हा नाम सुरू झालं. मला ते ऐकवेना. मी उगाच मिक्सर लावला.

चार दिवसांनी चिमटीची आई शिक्षकांच्या खोलीत आली. हात खळीनं पांढरे, पदर खोचलेला. दुकान उघडं टाकून आली होती. दारातच उभी राहिली, आत येईना.

"बाई, माफ करा. पोरीनं खोटं लिहिलं म्हणे वहीत. तुमचं नाव खाली घातलं. मी तिला दोन ठेवून दिल्या."

शेजारच्या टेबलावर गणिताचे सर वह्या तपासत होते. त्यांचं पेन थांबलं.

"अहो, मारू नका हो तिला," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण कुठून तरी लांबून आल्यासारखा. "लहान आहे."

"लहान कसली? खोटं ते खोटं. तुम्ही एवढं केलंत तिच्यासाठी. घरी बोलावून दूध दिलंत." ती जायला वळली, मग थांबली. "एक मात्र मला कळत नाही, बाई. तिनं सांगितलं म्हणून मी खळीचं भांडं बाहेर अंगणात हलवलं. तर कपडे तासभर आधी वाळायला लागले. सगळं खोटं असून हे खरं कसं निघालं, देव जाणे."

ती गेली. त्या वेळी तिला हाक मारता आली असती. व्हरांडा लांब आहे आमचा, ती शेवटच्या खांबापर्यंत दिसत होती. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी वह्यांच्या गठ्ठ्यात काहीतरी शोधायला लागले.

"बाई," ते म्हणाले, थट्टेचा लवलेश नव्हता आवाजात, "त्या पोरीची कच्ची वही कुठे आहे हो?"

"कुठली?"

"असं," ते म्हणाले, आणि पुन्हा तपासायला लागले.

ती वही माझ्या कपाटात आहे, लोकरीच्या कपड्यांखाली. रद्दीत घालायचं धैर्य नाही आणि बाहेर काढायचंही नाही. रेघ मारून, शेजारी सही करून, तारीख घालून मला माझी चूक खोडता आली असती. मी ती पुसली. आणि पुसायला रबर म्हणून एका पोरीला वापरलं.

पुढच्या वर्षी मी प्रशिक्षण द्यायला उभी राहिले. तेच सभागृह, त्याच दीडशे खुर्च्या. घड्याळवाल्या सरांनी स्वतः माझी ओळख करून दिली. मी नोंदवहीवर बोलले. चांगली बोलले, लोक सांगतात. उदाहरण पाहिजे म्हणून सांगितलं, की एका शाळेत एक हुशार मुलगी होती. तिनं वही इतकी स्वच्छ लिहिली, इतकी स्वच्छ, की तिच्या खरेपणावर कोणाचा विश्वास बसला नाही. पुढच्या रांगेतल्या एका तरुण शिक्षिकेनं हळहळून विचारलं, "मग तिच्या बाईंनी तिला सांगितलं नाही का?"

"शिक्षकांचं नेहमीच लक्ष असतं असं नाही," मी म्हटलं. आणि लगेच आवाज चढवून, "खोडा, पण पुसू नका! म्हणा बघू!"

दीडशे आवाज उठले. शेवटच्या रांगेत एक बाई मान खाली घालून पेपर तपासत होत्या. त्याही म्हणाल्या, खणखणीत.

चिमटी दहावीत गेली. तिला मीच शिकवत होते. बाहीला चिमटा आता नसायचा. जिन्यात भेटली तर, "नमस्कार, बाई," म्हणून बाजूला होऊन वाट द्यायची. तराजूबद्दल तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. मीच एकदा वर्गात काचेच्या पेटीचा विषय काढला, तिच्याकडे बघत. तिनं ते वहीत उतरवून घेतलं, बाकीच्यांसारखं.

लंबकाचा प्रयोग झाला. दोऱ्याला गोळी बांधायची, झोका द्यायचा, वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं, मग दोरा लांब करून पुन्हा. मुलांची झुंबड, दोन गोळ्या निसटून बाकाखाली गेल्या, एका गटाचं घड्याळ बंद पडलं. चिमटीच्या गटाचा दोरा तर मध्येच तुटला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिची पक्की वही माझ्या टेबलावर आली. सगळे आकडे जागच्या जागी. पुस्तकातल्या सूत्रातून निघावेत तसे, दशांश चिन्हानंतरही बरोबर. आलेखाची रेघ सरळ, एकही ठिपका इकडेतिकडे नाही.

तास संपल्यावर मी तिला थांबवलं. वर्ग रिकामा झाला. काय बोलायचं ते वर्षभर मनात घोळवलं होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच :

"कच्ची वही दाखव बरं तुझी."

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. राग नव्हता. राग असता तर मी तिच्या पाया पडले असते.

"आता कच्ची लागत नाही, बाई," ती म्हणाली. "मी थेट पक्कीच लिहिते."

आणि उभी राहिली, गुणांची वाट बघत, पुढच्या तासाला उशीर होत होता म्हणून.

मी लाल पेनाचं टोपण काढलं. दहापैकी दहा दिले. खाली सही केली, तारीख घातली. अक्षर खरोखरच सुंदर होतं.